बेताच्या खर्चात सबवूफर: छोट्या हॉलमधील होम थिएटरसाठी निवड आणि जुळवणी

होम थिएटर उभारताना पैसे बहुधा एकाच क्रमाने संपतात. आधी टीव्ही, मग रिसीव्हर (स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर), मग पाच स्पीकर आणि शेवटी जे उरेल त्यात सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारी वेगळी पेटी. मग खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा पाहून निर्णय होतो आणि घरी आलेला सबवूफर टीव्हीच्या टेबलाशेजारी मोकळी जागा दिसेल तिथे सरकवला जातो. साधारण पंधरा ते पस्तीस हजार रुपयांत खरेदी करू पाहणाऱ्या नवख्या वाचकासाठी हा लेख आहे. त्यातले मुख्य म्हणणे असे की, या किमतीच्या दोन चांगल्या सबवूफरांमध्ये जेवढा फरक असतो, त्याहून मोठा फरक एकच सबवूफर हॉलमध्ये दोन वेगळ्या जागी ठेवल्याने पडतो. म्हणून दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन आपला हॉल मोजावा आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरवावे.

सबवूफरकडून काय अपेक्षा ठेवावी

माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. शेल्फवर मावणारे स्पीकर साधारण ६० ते ८० हर्ट्झच्या खाली दमतात, आणि तिथून पुढचा खर्ज सांभाळणे हे सबवूफरचे काम असते. पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा मांडणीला ५.१ म्हणतात; त्यातला शेवटचा एक म्हणजे चित्रपटाच्या ध्वनिपट्टीतली खास खर्जासाठी राखलेली वाहिनी होय. तिला एलएफई म्हणतात आणि डॉल्बी डिजिटलमध्ये ती १२० हर्ट्झपर्यंतच असते. स्फोट, विमानाचा घरघराट किंवा ढगांचा गडगडाट बहुधा तिच्यातून येतो. मात्र सबवूफर एवढ्यासाठीच असतो अशी अनेकांची समजूत असते, ती अपुरी आहे. बाकीच्या पाच स्पीकरना न पेलणारा खर्जही रिसीव्हर सबवूफरकडेच वळवतो. त्यामुळे एखाद्या शांत, कौटुंबिक चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातला डग्ग्याचा घुमारा किंवा मिरवणुकीच्या दृश्यातला ढोलाचा ठोका यांचेही वजन त्याच्यावरच अवलंबून असते.

किती खाली आणि किती मोठ्याने, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. २० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो, आणि तो जोरकसपणे काढणारी यंत्रे या खर्चात बसत नाहीत. चित्रपटांतल्या खर्जाचा मोठा भाग ३० ते ८० हर्ट्झ या पट्ट्यात असतो. तेवढा पट्टा न फाटता, न घोगरावता काढणारा सबवूफर मिळाला तर पैसे कारणी लागले असे समजावे. आता मोठेपणाचे पाहू. चित्रपटगृहांसाठी जी प्रमाण पातळी ठरलेली आहे, तिच्यावर एलएफई वाहिनीची शिखरे ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. पण इमारतीतल्या सदनिकेत कोणीही शहाणा माणूस त्या पातळीवर चित्रपट पाहत नाही. पंधरा-वीस डेसिबल खाली ऐकले तरी हॉल भरून जातो. म्हणजे आपल्या सोफ्यावर ९५ ते १०० डेसिबल स्वच्छ खर्ज पोचला तर पुरे, आणि ही मागणी बेताच्या किमतीचा चांगला सबवूफर लहान हॉलमध्ये पुरी करू शकतो.

पहिली पायरी: जोडणी होते का ते पाहावे

रिसीव्हरच्या मागे ‘सबवूफर प्री-आउट’ किंवा ‘सब आउट’ असे लिहिलेले एक गोल आरसीए सॉकेट असते. ते असेल तर काम सोपे आहे. स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटात असलेला, म्हणजे ॲक्टिव्ह सबवूफर घ्यावा आणि एका वायरने जोडावा. ते सॉकेट नसेल, पण साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल, तर सबवूफरवर स्पीकरच्या तारा थेट घेणारी ‘हाय लेव्हल’ जोडणी आहे की नाही ते पाहून घ्यावे. ही सोय हल्ली सर्वच नमुन्यांत नसते.

साउंडबार वापरणाऱ्यांची अडचण वेगळी असते. साउंडबारसोबत आलेला बिनतारी सबवूफर त्या बारशीच बांधलेला असतो. दुसऱ्या कंपनीचा, किंवा त्याच कंपनीचा पण दुसऱ्या नमुन्याचा सबवूफर त्याच्याशी बहुधा जुळत नाही. बारवर सब आउट नसेल तर नवा सबवूफर घेण्याचा विचार सोडून द्यावा आणि ते पैसे पुढेमागे रिसीव्हर घेण्यासाठी बाजूला ठेवावेत. जुन्या, एकाच खोक्यात आलेल्या होम थिएटर संचातला सबवूफर बहुधा पॅसिव्ह असतो, म्हणजे त्याचा ॲम्प्लिफायर डीव्हीडी प्लेअरच्याच पोटात असतो. असा सबवूफर नव्या रिसीव्हरच्या सब आउटला जोडला तर त्यातून काहीही ऐकू येणार नाही, आणि स्पीकरच्या जोडणीला लावण्याचा प्रयोग रिसीव्हरला महागात पडू शकतो.

दुसरी पायरी: हॉल मोजावा

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो. त्या हिशेबाने ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या घरात जाते, म्हणजे आपल्या बहुतेक हॉलपेक्षा ती लांब असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अशा लहरी अडकून पडतात. मग काही ठरावीक कंप्रतांना (म्हणजे हर्ट्झमध्ये मोजलेल्या काही ठरावीक सुरांना) खोली स्वतःच घुमते आणि त्याच कंप्रतांना खोलीच्या काही जागी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. कोणती कंप्रता घुमणार याचा अंदाज काढायला एक सोपे गणित पुरते: ५६५ या आकड्याला भिंतींमधल्या फुटांतल्या अंतराने भागावे.

महाराष्ट्रातल्या शहरी सदनिकांमध्ये दहा बाय पंधरा फुटांचा हॉल सर्रास आढळतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. लांबीच्या बाजूने ५६५ भागिले १५, म्हणजे साधारण ३८ हर्ट्झ. रुंदीच्या बाजूने ५६५ भागिले १०, म्हणजे ५६. साडेनऊ फूट उंचीच्या छतामुळे ५९. शेवटचे दोन आकडे जवळजवळ एकमेकांवर येतात, आणि अशा हॉलमध्ये साठ हर्ट्झच्या जरा खाली एकसुरी ‘बूं’ का ऐकू येतो याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते. दहा बाय दहाची चौरस खोली तर याहून त्रासदायक, कारण तिथे तिन्ही आकडे एकाच ठिकाणी गोळा होतात. सबवूफर बदलून हा दोष जात नाही. जागा बदलून आणि जुळवणी करून तो कमी करता येतो.

इथे परदेशी परीक्षणे वाचणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. त्या स्वतः थोड्या हलतात आणि खर्जाची काही ऊर्जा गिळतात किंवा पलीकडे जाऊ देतात. आपल्या वीट-काँक्रीटच्या भिंती खर्ज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. त्यामुळे इथे खोलीचे घुमणे अधिक तीव्र असते, आणि त्याच वेळी कमी ताकदीच्या सबवूफरकडूनही चांगला भरीव आवाज मिळतो. तिथले परीक्षक एखाद्या दहा इंची सबवूफरला ‘मध्यम खोलीला अपुरा’ म्हणत असले, तरी आपल्या दारे लावलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत तोच पुरेसा ठरू शकतो. मात्र हॉलला लागून उघडे स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि पॅसेज असेल, तर त्या सगळ्याचे क्षेत्रफळ हिशेबात धरावे, कारण सबवूफर तेवढी सगळी हवा हलवत असतो.

तिसरी पायरी: माहितीपत्रक वाचायला शिकावे

वॅटच्या आकड्यापासून सुरुवात करू, कारण फसवणूक इथेच सर्वाधिक होते. ‘पीएमपीओ’ या नावाखाली छापलेले हजारो वॅटचे आकडे सरळ दुर्लक्षित करावेत. त्यांना कोणतेही प्रमाण मोजमाप नाही. ‘आरएमएस’ किंवा अखंड शक्ती म्हणून दिलेला आकडाच विचारात घ्यावा. ‘पीक’ किंवा ‘डायनॅमिक’ हा आकडा बहुधा त्याच्या दुप्पट किंवा अधिक असतो. पोल्क ऑडिओच्या पीएसडब्ल्यू१० या बहुपरिचित दहा इंची सबवूफरच्या बाबतीत अखंड शक्ती ५० वॅट आणि क्षणिक शक्ती १०० वॅट असे दोन्ही आकडे कंपनीने दिलेले आहेत. दुकानातली पाटी यांपैकी कोणता आकडा ठळक करील, हे सांगायला नको. शिवाय शक्ती दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यामुळे शंभर वॅट आणि दीडशे वॅट यांतला फरक प्रत्यक्षात किरकोळ असतो आणि त्यासाठी चार-पाच हजार जादा मोजण्यात अर्थ नाही.

त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे खर्ज कुठवर पोचतो तो. तो वाचताना किती डेसिबलची सूट धरली आहे, म्हणजे टोकाला आवाज किती उतरलेला चालवून घेतला आहे, हे पाहावे. वरच्याच सबवूफरची एकूण व्याप्ती ३५ ते २०० हर्ट्झ अशी सांगितली जाते, पण उणे ३ डेसिबलच्या मर्यादेत ती ४० ते १६० हर्ट्झ भरते. दोन्ही विधाने खरी आहेत. फक्त ३५ हर्ट्झला आवाज बराच उतरलेला असतो. काही कंपन्या उणे १० डेसिबलचा आकडा छापतात आणि तो कागदावर फारच देखणा दिसतो. तुलना करताना दोन्ही सबवूफरांचे उणे ३ डेसिबलचे आकडेच शेजारी ठेवावेत. ज्या पत्रकात नुसते ‘२० ते २०० हर्ट्झ’ लिहिलेले आहे आणि सूट सांगितलेलीच नाही, तो आकडा जाहिरात म्हणून वाचावा.

वूफरच्या पडद्याचा आकार हा तिसरा आकडा, आणि या किमतीत मी त्यालाच सर्वांत जास्त महत्त्व देईन. बारा इंची पडद्याचे क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोन पट असते. यामागचे भौतिकशास्त्र निर्दयी आहे: तेवढाच मोठा आवाज अर्ध्या कंप्रतेला काढायचा तर पडद्याला चौपट मागेपुढे हलावे लागते. ६० हर्ट्झला सुखाने वाजणारा आठ इंची वूफर ३० हर्ट्झला गेला की त्याची हालचाल संपते. मग तो एकतर फाटक्या आवाजात कुरकुरतो, नाहीतर आतले संरक्षक सर्किट खालचा खर्ज गुपचूप कापून टाकते. दहा बाय दहापर्यंतच्या बंद खोलीला आठ इंची चालेल. नेहमीच्या हॉलला दहा इंची हा किमान आकार धरावा, आणि जागा व पैसे दोन्ही असतील तर बारा इंचीकडे जावे. बारा इंचीचे खोके चांगले ऐसपैस असते, हे घरातल्या इतर मंडळींना आधी दाखवून घेतलेले बरे. पुठ्ठ्याचे तेवढे खोके दोन दिवस हॉलमध्ये ठेवले की चर्चा लवकर आटोपते.

चौथी पायरी: बंद पेटी की पोर्ट असलेली

पोर्टेड सबवूफरच्या पेटीला एक नळीसारखे भोक असते. त्या नळीतली हवा एका ठरावीक कंप्रतेला पडद्याच्या जोडीने आवाज काढते, त्यामुळे तेवढ्याच पैशांत आणि तेवढ्याच वॅटमध्ये खालचा खर्ज अधिक मोठा मिळतो. पण त्या कंप्रतेच्या खाली गेले की आवाज प्रत्येक सप्तकाला, म्हणजे कंप्रता निम्मी होईल तेव्हा दर वेळी, २४ डेसिबल अशा वेगाने कोसळतो. बंद पेटीत, म्हणजे सील्ड प्रकारात, उतार याच्या निम्मा, १२ डेसिबलचा असतो आणि पेटी लहान राहते, पण तोच खर्ज काढायला ॲम्प्लिफायर आणि पडदा दोन्ही दणकट लागतात. चांगल्या सील्ड सबवूफरची किंमत म्हणूनच चढी असते.

‘संगीतासाठी सील्ड, चित्रपटासाठी पोर्टेड’ असे एक ठोकळेबाज वाक्य नेहमी ऐकू येते. त्यात थोडे तथ्य असले तरी बेताच्या किमतीत मुख्य उपयोग चित्रपटांचा असेल, तर पोर्टेडच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. अपवाद दोन. खोली फारच लहान आणि बंद असेल तर भिंती स्वतःच खालच्या खर्जाला हातभार लावतात, तेव्हा सील्ड शोभतो. आणि सबवूफर सोफ्याच्या बगलेत, कानापासून हातभर अंतरावरच ठेवावा लागणार असेल, तर पोर्टमधून येणारा हवेचा फसफसाट त्रास देतो. पोर्ट कोणत्या बाजूला आहे हेही पाहावे. मागे असेल तर भिंतीपासून किमान वीतभर जागा सोडावी लागते. आपल्याकडे उंदरांना ती नळी फार आवडते. गावच्या घरी किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सुट्टीला जाताना तिच्यात फडक्याचा बोळा बसवून जावे, आणि परत आल्यावर तो काढायची आठवण ठेवावी.

पाचवी पायरी: कुठून घ्यावा

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर इथे इलेक्ट्रॉनिक मालाची दाटी आहे. तिथे सुटे वूफर, ॲम्प्लिफायरचे बोर्ड आणि तयार पेट्याही मिळतात. हौस आणि सोल्डरिंगचा हात असेल तर हा मार्ग मजेचा आहे, पण पहिला सबवूफर म्हणून मी तो सुचवणार नाही. विशेषतः गाडीसाठी बनवलेला वूफर घरात लावण्याचा मोह टाळावा. गाडीची केबिन इतकी लहान असते की साधारण ६० हर्ट्झच्या खालचा खर्ज ती आपोआप उचलून धरते, आणि गाडीच्या वूफरची पेटी त्या मदतीवर विसंबून बांधलेली असते. घराच्या हॉलमध्ये ती मदत मिळत नाही आणि नुसता मधला दणका शिल्लक राहतो.

दुकानात ऐकून निवड करण्याला सबवूफरच्या बाबतीत मर्यादित अर्थ आहे, कारण ऐकू येते ती निम्मी त्या दुकानाची खोली असते. तरीही जावे, आणि ऐकताना आवाज किती मोठा याऐवजी तो किती लवकर थांबतो याकडे लक्ष द्यावे. ढोलाचा ठोका संपल्यावरही पेटी गुणगुणत राहत असेल, मोठ्या आवाजात पडद्याची टकटक किंवा पोर्टची फुसफुस ऐकू येत असेल, किंवा पेटीवर बोटे ठेवल्यावर तिचे पत्रे थरथरल्यासारखे वाटत असतील, तर पुढच्या नमुन्याकडे वळावे. घरी नेऊन आठवडाभरात परत करण्याची सोय देणारा विक्रेता हजार-दोन हजार महाग असला तरी त्याच्याकडूनच घ्यावा. वॉरंटीत ॲम्प्लिफायर किती वर्षे आणि वूफर किती वर्षे हे वेगवेगळे विचारावे, आणि दुरुस्ती केंद्र आपल्या शहरात आहे का हेही. दहा-पंधरा किलोचे खोके कुरियरने पाठवण्याचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही नको असतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सबवूफर मागवण्याची कल्पना अनेक मराठी घरांत निघते, कारण तिथल्या किमती खरोखरच कमी असतात. पण तिथला विद्युतदाब १२० व्होल्ट आणि आपला २३० व्होल्ट आहे. सबवूफरच्या मागे दाब बदलण्याचे बटण नसेल आणि पाटीवर फक्त ११० ते १२० व्होल्ट लिहिलेले असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो वॅटच्या हिशेबात मोठा घ्यावा लागतो, त्याचा स्वतःचा गुणगुणाट असतो, आणि वॉरंटी तर बहुधा तिकडेच राहते. वाचलेले पैसे यातच जातात.

वापरलेला सबवूफर मात्र चांगला सौदा ठरू शकतो. तो घेताना जाळी काढून पडद्याच्या कडेची वळी बोटाने हलकेच दाबून पाहावी. ती रबराची असेल तर बहुधा ठीक असते. फोमची असेल तर दमट हवेत वर्षानुवर्षे राहून ती चुरा होते, आणि कोकण, गोवा किंवा मुंबईतल्या मालाबाबत ही भीती अधिक. पेटीचा तळ ओल लागून फुगला आहे का तेही पाहावे, कारण पेटीचा एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला तक्ता) एकदा फुगला की पूर्ववत होत नाही. मग अर्धा तास वाजवून ॲम्प्लिफायरची पाठ हाताने चाचपावी. सबवूफरमध्ये सर्वांत आधी बिघडतो तो ॲम्प्लिफायरच.

सहावी पायरी: जागा शोधावी

या टप्प्यावर घालवलेला एक रविवार दहा हजार रुपयांच्या जादा खर्चाइतका उपयोगी पडतो. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर सर्वांत मोठा वाजतो, कारण तिथे तो खोलीचे सगळेच घुमारे जागे करतो, चांगले आणि वाईट दोन्ही. कमी ताकदीचा सबवूफर असेल तर सुरुवात कोपऱ्यापासून करावी. घुमारा असह्य झाला तर भिंतीला धरून एकेक फूट सरकवत यावे. भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवल्यास त्या भिंतीच्या लांबीच्या बाजूचा पहिला घुमारा बराचसा शांत राहतो. भिंतीपासून मीटरभर पुढे आणून ठेवणे मात्र टाळावे, कारण तेवढ्या अंतरावर भिंतीवरून परतलेली लहर ८० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजालाच खोडून काढते.

जागा शोधण्याची एक जुनी युक्ती आहे, आणि ती पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटली तरी भौतिकशास्त्राच्या नियमावर उभी आहे. सबवूफर आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी त्यांच्यातला आवाजाचा प्रवास बदलत नाही. म्हणून सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण नेहमी बसतो त्या जागी ठेवावा. खर्जाचे चढउतार असलेला एखादा तुकडा किंवा ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा चाचणी स्वर त्यावर सतत लावावा. मग ज्या ज्या ठिकाणी सबवूफर ठेवणे शक्य आहे तिथे गुडघ्यांवर बसून, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर आणून ऐकावे. जिथे प्रत्येक स्वर साधारण सारख्याच जोराने ऐकू येईल, एखादा अचानक उसळणार नाही आणि एखादा गायब होणार नाही, ती जागा सबवूफरची. ती नेमकी देवघराच्या दारात किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर निघाली तर दुसऱ्या क्रमांकाची घ्यावी.

सोफ्याची जागाही तितकीच महत्त्वाची असते. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला पहिल्या घुमाऱ्याची कंप्रता, आपल्या उदाहरणात ३८ हर्ट्झ, जवळजवळ ऐकूच येत नाही. याउलट मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर सगळा खर्ज फुगून येतो, आणि आपल्याकडे सोफा भिंतीलाच टेकलेला असतो. तो फूट-दीड फूट पुढे ओढता आला तर फरक लगेच जाणवतो. गालिचा, पडदे किंवा भिंतीवर चिकटवलेले फोमचे तुकडे यांचा खर्जावर काहीही परिणाम होत नाही, कारण साडेआठ मीटरच्या लहरीला इंचभर जाडीचा फोम दिसतही नाही. त्यांचा उपयोग वरच्या सुरांची किणकिण कमी करण्यापुरता.

सातवी पायरी: जुळवणी

सबवूफरच्या मागे क्रॉसओव्हरचे, म्हणजे कोणत्या कंप्रतेच्या खालचा आवाज सबवूफरने वाजवायचा हे ठरवणारे, बटण असते. रिसीव्हर वापरत असाल तर ते पूर्ण वर फिरवावे, किंवा ‘एलएफई’ असे लिहिलेल्या जोडणीत वायर घालावी, म्हणजे खर्ज कुठे तोडायचा हे एकटा रिसीव्हर ठरवील. दोघांनी मिळून गाळले तर मधला पट्टा हरवतो. सबवूफरचा आवाज मध्यावर आणि फेज (सबवूफरच्या लहरी बाकीच्या स्पीकरांच्या लहरींशी जुळवणारे बटण) शून्यावर ठेवून रिसीव्हरसोबत आलेला मायक्रोफोन सोफ्यावर कानाच्या उंचीला धरावा आणि स्वयंचलित जुळवणी चालवावी. डेनॉन व मॅरँट्झच्या अनेक रिसीव्हरांत ती ऑडिसी या नावाने, तर यामाहात वायपाओ या नावाने असते. पंखा, फ्रिज आणि खालच्या गाड्यांचा आवाज या कामात खोडा घालतो, म्हणून ते रात्री किंवा भल्या पहाटे केलेले चांगले.

त्यानंतर रिसीव्हरने काय ठरवले ते तपासावे. सर्व स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे खर्ज सबवूफरकडे सोपवणारे) आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ही सुरुवात बहुतेक घरांना मानवते. चित्रपटांच्या आवाजाची प्रमाणके ठरवणाऱ्या टीएचएक्स या संस्थेनेही हाच आकडा प्रमाण मानला आहे. मोठ्या उभ्या स्पीकरना ‘लार्ज’ ठरवून टाकण्याचा आग्रह धरू नये, कारण त्यामुळे त्यांच्या वाट्याचा खर्ज सबवूफरकडे जातच नाही. याउलट मुठीएवढे सॅटेलाइट स्पीकर असतील तर ते ८० पर्यंत पोचत नाहीत. तिथे १२० किंवा १५० ठेवावे लागते, आणि मग आवाज कुठून येतो हे कानाला कळू लागते, म्हणून सबवूफर पुढच्या स्पीकरांच्या जवळच ठेवणे भाग पडते. रिसीव्हरने सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त दाखवले तर ते ‘सुधारू’ नये. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा विलंब त्याने त्या अंतरात मोजलेला असतो.

फेजची निवड कानाने करता येते. क्रॉसओव्हरच्या आसपासचा खर्ज असलेले संगीत लावून दुसऱ्या कोणालातरी बटण शून्य आणि १८० असे फिरवायला सांगावे, आणि सोफ्यावर बसून ज्या बाजूला आवाज भरीव वाटेल ती बाजू ठेवावी. शेवटी सबवूफरची पातळी. नवा सबवूफर आणल्यावर प्रत्येक जण ती दोन घरे जास्तच ठेवतो. संवाद ऐकायला रिमोट शोधावा लागत असेल तर खर्ज जास्त झाला आहे असे समजून तो उतरवावा. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर विसंबायचे असेल तर त्यात ‘सी’ हे मापन निवडावे. नेहमीचे ‘ए’ मापन ६३ हर्ट्झला २६ डेसिबल आणि ३१.५ हर्ट्झला ३९ डेसिबल वजा करून दाखवते, त्यामुळे सबवूफर त्या मीटरला जवळजवळ दिसतच नाही. याहून खोलात जायचे असेल त्याने मोजणीचा यूएसबी मायक्रोफोन घेऊन आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर शिकावे.

जोडणी करताच सतत ‘हूं’ असा आवाज येऊ लागला तर घाबरू नये. तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा असतो आणि अर्थिंगच्या वळशातून येतो, म्हणजे दोन उपकरणे वेगवेगळ्या मार्गांनी अर्थिंगला जोडली गेल्याने. आधी केबल टीव्हीची किंवा डिशची वायर काढून पाहावी, मग रिसीव्हर आणि सबवूफर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहावेत. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. त्याने आवाज जाईल, पण बिघाड झाल्यास पेटीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

शेजारी, आणि दुसरा सबवूफर

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतली मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती ‘ए’ मापनाने मोजली जात असल्याने आपला खर्ज कागदावर निर्दोष ठरूनही खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप मोडू शकतो. पेटीखाली जाड रबराचे किंवा फोमचे पॅड घातल्याने फरशीतून जाणारा थरकाप कमी होतो, पण हवेतून स्लॅबला भिडणारा खर्ज त्याने थांबत नाही. रात्री रिसीव्हरमधला आवाजाची चढउतार आवळणारा ‘नाइट मोड’ लावावा आणि सबवूफर पाच-सहा डेसिबल उतरवावा.

हॉलच्या एका टोकाला खर्ज भरपूर आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, अशी तक्रार सगळी जुळवणी करूनही राहिली, तर मोठा सबवूफर घेण्याऐवजी आहे तसाच दुसरा घ्यावा. हार्मन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांतल्या वेगवेगळ्या मांडण्यांची तुलना मांडली. तीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेल्या दोन सबवूफरांमुळे वेगवेगळ्या बैठकींवरचा खर्ज बराच सारखा होतो असे दिसले. म्हणूनच पहिला सबवूफर घेताना बाजारातून लवकर हद्दपार होणारा नमुना टाळावा, आणि रिसीव्हरला दोन सब आउट नसतील तर एका आउटमधून दोन वायरी काढणारा साधा आरसीए वाय-जोड चालतो, हे लक्षात ठेवावे. दुसरा सबवूफर आला की दोन्हींचे आवाजाचे बटण आधी एकाच खुणेवर आणावे आणि मायक्रोफोनची जुळवणी पुन्हा पहिल्यापासून चालवावी.